भिंतीपलीकडचं नेट

मित्रांनो, मी लॅपटॉप आहे आणि जुना आहे. माझ्या ‘ए’ आणि ‘एस’ या बटणांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली, उजव्या कोपऱ्यातली बिजागरी सैल झाली. तरी माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ज्या एका दिवसामुळे मला माझं आयुष्य सांगावंसं वाटतं, तो दिवस तर मला मिनिटामिनिटाने आठवतो.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला नीटसं सांगता येणार नाही. डोळे उघडले ते बुलडाण्यात, एका मास्तरांच्या घरी. त्यांच्या शंतनुला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. मला टेबलावर ठेवून हळदीकुंकू वाहिलं, शेजारचे लोक बघायला आले. शंतनुने चार वर्षं माझ्यावर अभ्यास केला आणि अभ्यासाच्या दुप्पट सिनेमे पाहिले. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, कंपनीने नवा लॅपटॉप दिला आणि मी कपाटावर गेलो. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली मी पावणेदोन वर्षं काढली. त्या काळात मला कुणी एकदाही उघडलं नाही. यंत्राला वापराने झीज होते असं लोक म्हणतात. खरं सांगू का, पडून राहिल्याने ती जास्त होते.

तिथून मला विकत आणलं गुलजारभाईंनी. ते धामणगाव बढ्याचे पिंजारी. गाद्या, रजया, उशा भरण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. त्यांची मुलगी अंजुम बी.कॉम. झाली होती. दाखले, अर्ज, परीक्षांचे फॉर्म भरून देण्याचं काम गावातच सुरू करायचं तिने ठरवलं. वडिलांच्या दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग तिने घेतला, मधे एक पडदा टांगला. पडद्याच्या आत कापूस पिंजला जाई आणि बाहेर मी बसे.

मोबाईलला गावात रेंज जेमतेम, आणि इंटरनेट आमचं नव्हतं. ते भिंतीपलीकडून येई. पलीकडे नीळकंठकाकांचं कृषी केंद्र होतं, बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं. त्यांनी टेलिफोनच्या तारेवरचं नेट घेतलं होतं आणि वायफायचा डबा बसवला होता. अंजुमने दुकान मांडलं त्या दिवशी काका आपणहून आले आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देऊन गेले. “तुह्या बापानं माह्या लग्नाची गादी भरली होती,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्या भिंतीतून येणाऱ्या लहरींवर मी काम करू लागलो. किती मुलांचे निकाल मी उघडले, किती म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले काढले. लोक अंजुमला दुवा देत आणि जाताना माझ्या पाठीवरही थाप मारत.

आणि मग बोंडअळीचं वर्ष आलं.

त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीएवढी वाढली होती. झाडं हिरवीगार, बोंडं टपोरी. बीटी बियाणं आहे, अळीची चिंता नाही, असं सगळे धरून चालले होते. दिवाळीनंतर बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी बसलेली. कापूस फुटला तो पिवळा, चिकट, कवडीसारखा आकसलेला. बाया वेचायला जायला तयार होईनात, कारण दिवसभर वेचून ओटी भरत नव्हती.

गावातल्या निम्म्या लोकांनी ते बियाणं नीळकंठकाकांच्या दुकानातून नेलं होतं.

तेव्हापासून गावाची नजर बदलली. दुकानदाराला आधीच माहीत होतं, असं कोणी म्हणालं. त्याने स्वतःच्या शेतात वेगळंच वाण पेरलं, असं दुसऱ्याने सांगितलं. खरं काय ते पाहायला काकांच्या शेतात मात्र कोणी गेलं नाही, कारण ते नळगंगा नदीच्या अंगाला, गावापासून लांब होतं. काकाही दुकानाच्या आत आत बसू लागले. समोरून कोणी गेलं की मान खाली घालून पावतीपुस्तक चाळत. त्यांची ती खाली गेलेली मान पाहून लोकांचा संशय पक्का होई.

बियाण्याबद्दल तक्रार करायची तर नावांची यादी, पिशवीवरचा लॉट नंबर आणि बोंडांचे फोटो कृषी खात्याला ई-मेलने पाठवायचे होते. शेवटचा दिवस शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. हे काम अंजुमने घेतलं. पुढाकार अन्नपूर्णाबाईंचा. एकट्या बाईने चार एकर सांभाळलेलं. कापसाच्या हंगामात त्यांच्या बोटांना कायम चिरा पडलेल्या असत. त्यांनी घरोघर फिरून रिकाम्या पिशव्या गोळा केल्या. कोणाची पिशवी चुलीत गेलेली, कोणी तिच्यात तिखट भरून ठेवलेलं. बासष्ट नावं झाली. त्यातल्या अकरा जणांपाशी पिशवीही नव्हती आणि पावतीही नव्हती.

ही सगळी यादी आणि सगळे फोटो माझ्या पोटात होते. नीळकंठकाका रस्त्याने जाताना दिसले की अंजुम माझा पडदा अर्धा मिटून घेई. आधी ती असं कधी करत नसे. ज्या माणसाच्या नेटवरून तक्रार जायची, त्याच्याच दुकानाविरुद्ध ती तक्रार होती. हे तिला टोचत होतं, आणि जे टोचतं त्याचा माणूस लवकर रागच धरतो.

शुक्रवारी सकाळी तिने मला उघडलं आणि माझ्या कानांत काहीच येईना. रोज उघडल्या उघडल्या भिंतीपलीकडची ओळखीची लहर यायची. आज पूर्ण शांतता. खाली कोपऱ्यात जोडणीच्या खुणेवर तांबडी फुली उमटली.

अंजुम घाबरली नाही. तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मग माझी बॅटरी काढली, थोडा वेळ थांबून परत बसवली. तरी मी बहिराच. जोडण्यांच्या यादीत नीळकंठकाकांच्या वायफायचं नाव नव्हतं, खरं म्हणजे कोणाचंच नव्हतं. ही गोष्ट तिने नीट पाहिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिचे डोळे फक्त एकच नाव शोधत होते. शेवटी तिने मलाच दोष शोधायला सांगितलं. मी अर्धा मिनिट विचार केला आणि जे खरं होतं ते इंग्रजीत पडद्यावर मांडलं : वायरलेस बंद केलेलं आहे.

समोर अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. अंजुमने त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

“बंद केलं आहे म्हणते,” ती म्हणाली.

“कोणं केलं?”

“नाव नाई लिवत हा.” मग भिंतीकडे पाहून ती म्हणाली, “लिवायची गरज बी नाई.”

मित्रांनो, मी माझ्याबद्दल बोलत होतो. माझ्या शरीरातलं काहीतरी बंद आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. तिने ते भिंतीपलीकडच्या माणसाबद्दल वाचलं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

अंजुम तडक पलीकडे गेली. मधली भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू येत होतं. आज तक्रारीचा शेवटचा दिवस आहे आणि नेमकं आजच नेट कसं गेलं, असं तिने विचारलं. काका म्हणाले, मी काही केलेलं नाही, डब्याचे दिवे जळून राहिले आहेत, पाहून घे. तिने पाहिलं. दिवे लुकलुकत होते. मग तुम्ही पासवर्ड बदलला असेल, ती म्हणाली. एखाद्याने रागावून नाही म्हटलं असतं. काका खाली बघत पावतीपुस्तक चाळू लागले.

“माह्याकडं पाहून सांगा, काका,” अंजुम म्हणाली.

त्यांनी पाहिलं नाही. ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिने आपल्या मोबाईलमधलंही वायफाय बंद करून टाकलं. त्या माणसाचं आता काहीच नको, म्हणाली. एक वाजताची मोताळ्याची, तालुक्याच्या गावची, गाडी धरायची, मला घेऊन जायचं आणि तिथल्या एखाद्या दुकानातून यादी पाठवायची, असं तिने ठरवलं. ती मला पिशवीत घालू लागली.

अन्नपूर्णाबाई मघापासून हे सगळं पाहत होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण शेताला पाणी देण्यात जन्म गेला होता.

“पोरी, एक इचारू का?” त्या म्हणाल्या. “वावरात पानी नाई आलं, तर आम्ही आधी शेजाऱ्याच्या वावरात पाहतो. त्याले आलं असन तर खोट आपल्या पायपात. तुह्या मोबाईलले येते का त्याचं नेट?”

अंजुमचा हात थांबला. नाइलाजाने तिने मोबाईलचं वायफाय पुन्हा सुरू केलं. क्षणभरात ते जोडलं गेलं. पासवर्ड तोच होता, चिठ्ठीवरचा.

ती खुर्चीत बसली. पण संशयाची सवय अशी लगेच सुटत नाही, तो आता माझ्यावर आला. जुना माल आहे, ऐन वेळी दगा देऊन राह्यला, ती म्हणाली. मग पुण्याच्या शंतनुवर आला, खराब झाला म्हणूनच त्याने विकला असेल. मी ऐकून घेतलं. काय करणार?

पडद्याआडची पिंजण्याची धून थांबली. गुलजारभाई बाहेर आले. भुवयांवर, दाढीत कापूस अडकलेला. काय झालं आहे ते त्यांनी विचारलं आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

“बेटा, सकाळी मी पुसला त्याले,” ते हळूच म्हणाले. “तू चूल पेटवून राह्यली होती. पुढच्या कडेले लय रुई बसली होती. फडक्यानं जोर देला, तं टक् करून काही सरकलं. तू हात लावू नको म्हणते, म्हणून बोललो नाई.”

अंजुमने मला उचलून कडा डोळ्यांजवळ नेली. तिथे, ओठासारख्या खालच्या बाजूला, नखाएवढी एक सरकती कळ आहे. इतक्या वर्षांत तिला ती ठाऊकच नव्हती. शंतनुच्या चार वर्षांत ती कधी कोणी हलवली नव्हती. अंजुमने ती नखाने सरकवली. माझ्या अंगात बारीक निळा दिवा लागला, आणि भिंतीपलीकडची लहर भरभरून आत आली.

घड्याळात पाऊण वाजला होता. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, पाठव आता. अंजुमने मान हलवली, पण बटण दाबलं नाही. आधी उठून ती पलीकडे गेली.

या वेळी मला तिचा आवाज ऐकू आला नाही, इतकी ती हळू बोलली. थोड्या वेळाने दोघं आमच्या दुकानात आली. नीळकंठकाकांच्या हातात जाडजूड विक्री रजिस्टर होतं. त्यांनी ते माझ्या शेजारी ठेवलं आणि कोणाकडे न बघता म्हणाले,

“पोरी, तू माफी मांगू नको. म्या बंद केलं नाई, हे खरं. पन काल सांजीले हात गेला होता बटनापर्यंत.”

अंजुमने त्यांना बसायला खुर्ची दिली. बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली.

मग ते हळूहळू बोलू लागले. तेच बियाणं त्यांनीही पेरलं होतं, नळगंगेकडच्या सगळ्या शेतात. त्यांचीही बोंडं किडली. पण ज्याने विकलं त्यानेच रडावं कसं, लोक विश्वास ठेवतील का, म्हणून ते गप्प राहिले. लोकांनी वेगळं वाण पेरल्याचं म्हटलं तेव्हाही त्यांनी ते खोडलं नाही. फसलेल्यापेक्षा फसवणारा म्हटलेलं परवडलं, असं त्यांना वाटलं होतं. अन्नपूर्णाबाईंनी आपला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. महिनाभर त्या त्यांच्या दुकानाची पायरीही चढल्या नव्हत्या.

रजिस्टरमध्ये प्रत्येक पिशवीचा लॉट नंबर आणि नेणाऱ्याचं नाव होतं. ज्या अकरा जणांपाशी पुरावा नव्हता, त्यांचे नंबर काकांनी स्वतः वाचून सांगितले आणि अंजुमने ते माझ्यात टाकले. त्या पानांवर त्यांची सही होती. उद्या चौकशी त्यांच्यावरही येणार होती, हे त्यांना कळत होतं. शेवटी अंजुमने विचारलं, तुमचंही नाव घालू का? काकांनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं.

“घाल,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “माह्या नावाखाली घाल.”

त्रेसष्ट नावांची ती यादी चारला वीस मिनिटं कमी असताना माझ्यातून गेली.

पुढे पाहणी झाली. काहींना भरपाई मिळाली, काहींचे कागद अजून फिरत आहेत. नीळकंठकाकांना चौकशीला दोनदा बुलडाण्याला जावं लागलं, दुसऱ्या वेळी सोबत अन्नपूर्णाबाई गेल्या. अंजुमकडे आता नवं यंत्र आहे. मी पडद्याच्या आत असतो, गुलजारभाई माझ्यावर जुनी कव्वाली ऐकत रजया भरतात.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. जुन्या यंत्राला पुसा, जपा, पण त्याची प्रत्येक कळ कशासाठी आहे ते आधी जाणून घ्या. ते अडलं तर आधी त्याच्याच कडा चाचपून पाहा, मग दुसऱ्याच्या दारात जा. आम्ही यंत्रं गप्प बसतो, कारण आम्हाला बोलता येत नाही. माणूस गप्प बसतो त्याची कारणं निराळी असतात. ती कुठल्याच पडद्यावर उमटत नाहीत. त्यासाठी त्याच्या शेतापर्यंत चालत जावं लागतं आणि एक बोंड फोडून पाहावं लागतं.