दुखत नाहीत म्हणते

सिस्टरनं दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला वजनकाटा अडकवला, खालची झोळी नीट पसरली आणि तीन पावलं मागे सरकली. मग दारातली बाई पुढे आली, बाळाला झोळीत ठेवून मागे झाली. मग पुन्हा सिस्टर पुढे. अंतर राखायच्या नियमापायी हा पुढे-मागेचा खेळ प्रत्येक दारात व्हायचा, आणि त्यात झोळीतलं बाळच काय ते एका जागी शहाण्यासारखं असायचं. तोंडावरचा प्लास्टिकचा पडदा तिच्याच श्वासानं धुरकटला होता, म्हणून आकडा वाचायला सिस्टरला मान वाकडी करावी लागली.

"चार किलो दोनशे," ती म्हणाली. "छान चाललंय, ताई."

बाईनं बाळाला उचलून खांद्याशी धरलं. मास्कच्या वर तिचे डोळे हसले. ह्या घरी सिस्टरची ही तिसरी खेप. तिन्ही वेळा हीच बाई, हाच निळा मास्क, हेच अर्धं उघडलेलं दार. बाळ सहा आठवड्यांचं, मुलगी. बाळंतपण साथीच्या वेगळ्या वॉर्डात झालेलं. आईची तपासणी बाधित आली म्हणून जन्मल्याबरोबर मुलीला वरच्या मजल्यावर नेलं होतं, आणि पुढचे दहा दिवस आईनं तिचा चेहराही पाहिला नव्हता. बाळाचा बाप कामाच्या गावी अडकला होता, रस्ते बंद होते. मदतीला आईची थोरली बहीण येऊन राहिली आहे, असंही फाइलीत लिहिलं होतं. ती बहीण सिस्टरला कधी दिसली नव्हती. दिसायला हवी, असं तिला वाटलंही नव्हतं.

घाईच तेवढी होती. एका घरी पंधरा मिनिटं, उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि दिवसाला अकरा घरं. त्यातून गेल्या महिन्यापासून तिला कुठंच स्वस्थ उभं राहवत नव्हतं. एका घरी तिनं नेहमीसारखे प्रश्न विचारले, आईनं नेहमीसारखी उत्तरं दिली, कागद लख्ख स्वच्छ झाला, काळजीची एकही खूण नाही. तिसऱ्या दिवशी त्या आईनं बाळ शेजारणीच्या दाराशी ठेवलं आणि ती चालू लागली. दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या बसस्थानकाच्या बाकावर ती अनवाणी बसलेली सापडली. जिवंत सापडली, एवढंच नशीब. तेव्हापासून स्वच्छ कागदाचा सिस्टरला भरवसा वाटत नव्हता. कुलूप लावलं की ती दोनदा ओढून बघायची, स्कूटर सुरू करून पुन्हा बंद करायची, एखादं दार सोडून गेल्यावर परत वळून यायची. सोबतच्या बायका तिला चिडवायच्या की तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. तीही हसायची. पण जीव थाऱ्यावर नसायचा.

तिनं फळीवर कागद लावला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न दहा होते. गेल्या आठवड्यात मोकळेपणी हसलात का, झोप लागते का, विनाकारण धास्ती वाटते का, असे एकामागून एक. सगळं ठीक असलं की शून्य लिहायचं, सगळ्यात वाईट असलं की तीन. दहावा प्रश्न स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असा होता. तो सगळ्याच सिस्टर एका दमात उरकायच्या. ऐकणारीही तितक्याच झटकन नाही म्हणून मोकळी व्हायची, आणि दोघींना हायसं वाटायचं.

बाईनं दहाही उत्तरं पाठ केल्यासारखी दिली. हसते, झोपते, धास्ती कसली. दहाव्याला तर सिस्टरचं वाक्य संपायच्या आत नाही म्हणून झालं. दहा शून्यं एकाखाली एक उभी राहिली.

सिस्टरनं काटा काढला, झोळीची घडी घातली. पिशवीची चेन ओढता ओढता तिनं सहज विचारलं,

"आणि टाके? दुखतात का अजून?"

"नाही, आता दुखत नाहीत म्हणते."

चेन अर्ध्यावर थांबली.

"म्हणजे," बाई घाईघाईनं म्हणाली, "नाहीत दुखत."

सिस्टर तशीच वाकून उभी राहिली. स्वतःचे टाके दुखत नाहीत हे सांगायला कुणी 'म्हणते' म्हणत नाही. एकदा तो एक शब्द कानात अडकला आणि मग बाकीचं आपोआप सुटत गेलं. मघाशी बाळ भुकेनं कळवळून रडलं, तेव्हा ह्या बाईनं त्याला छान झुलवलं होतं, पण तिचा हात एकदाही छातीकडे गेला नव्हता. अंगावर पाजता का, ह्या प्रश्नाला ती हो म्हणायची आणि तिच्या मागे दाराच्या फटीतून पावडरच्या दुधाचा डबा दिसायचा. आणि पहिल्या खेपेला सिस्टरनं काय विचारलं होतं? कागदातून मान वर न काढता, तुम्हीच ना आई, असं विचारलं होतं. उत्तर तिनं स्वतःच बाईच्या तोंडात घातलं होतं. तिसरी खेप झाली, ती हिला प्रेमानं ताई म्हणत होती आणि ही तिला सिस्टर. दोघी एकमेकींना मारे बहीण म्हणत होत्या, आणि दारात बाळंतीण कुणीच नव्हती.

तिला हसू आलं नाही. आधी संताप आला, हिचा थोडा आणि स्वतःचा जास्त. तीस शून्यं. तीन कागदांवर तीस शून्यं तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती.

"तुम्ही थोरल्या बहीण ना?" तिनं विचारलं. आवाज नको इतका चढला. "त्या कुठं आहेत?"

बाईनं बाळाला घट्ट धरलं आणि दार आणखी ओढून घेतलं. ती झोपलीये, असं म्हणाली. मग बरी आहे, म्हणाली. सिस्टर हललीच नाही, तेव्हा ती हलक्या आवाजात बोलू लागली आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून हो निघून गेलं होतं, मग मागे कसं फिरायचं ते सुचलं नाही. धाकटी दवाखान्यातून आली ती भिंतीकडे तोंड करून पडली. बाळाला घेत नाही. मांडीवर दिलं तर हात बाजूला घेते. ही माझीच कशावरून, म्हणते, मी कुठं पाहिली होती. खा म्हटलं तर दोन घास खाते, नाही म्हटलं तर नाही खात. हे कुणाला सांगायचं? पलीकडच्या गल्लीतून एकीला खोकते म्हणून गाडीत घालून नेलं, तिचं तान्हं घरीच राहिलं. आता हिला पुन्हा त्या वॉर्डात टाकलं तर ही तिथून परत येणार नाही, अशी तिची खात्री होती.

"तुम्ही गाडी पाठवाल," ती शेवटी म्हणाली.

"मी कुठली गाडी पाठवणार? माझ्याकडे स्कूटर आहे, आणि तीसुद्धा लाथ मारल्याशिवाय सुरू होत नाही."

ताई हसली नाही, पण दार ओढणारा हात सैल पडला. मघाशी आवाज चढवल्याची सिस्टरला लाज वाटली. महिनाभर ही बाई एक तान्हं आणि एक आजारी माणूस एकटीनं सांभाळत होती, वर तिसऱ्या माणसाचं सोंगही वठवत होती. तिची दहा उत्तरं कुणी विचारलीच नव्हती. आजच डॉक्टरबाईंना फोन लावते, त्या धाकटीला घरीच ठेवून बघतील, कुणालाही कुठंही नेणार नाहीत, हे सिस्टरनं तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं ते ताईसाठी नव्हतं, म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं.

मग ती पायरीवर बसली. नियमात बसण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

पंधरा मिनिटं केव्हाच उलटली होती. खिशात फोन वाजला, पुढच्या घरची बाई वाट बघत असणार. तो थांबला आणि पुन्हा वाजला. सिस्टरचा पाय आपोआप हलायला लागला. तिनं गुडघ्यावर हात दाबून तो थांबवला, फोन बंद केला आणि कोरा कागद काढला.

"मला आत यायला मनाई आहे," ती दाराच्या फटीकडे बघून म्हणाली. "तुम्हाला बाहेर यायला नाही. पण नका येऊ, हरकत नाही. तिथूनच सांगा. मागे एका आईला मी असंच घाईघाईनं विचारलं. ती खोटं बोलली, पण मला खरं ऐकायला वेळ तरी कुठं होता. आज मला काही घाई नाही."

ही मात्र शुद्ध थाप होती. अजून सात घरं बाकी होती.

"गेल्या आठवड्यात कधी मोकळेपणी हसलात?"

आत काही हललं नाही. बाळानं सुस्कारा टाकला. ताईचे ओठ मास्कच्या आड हलले असावेत, कारण सिस्टरनं तिला बोट दाखवून गप्प केलं. समोरच्या खिडकीतून कुणीतरी वाकून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. एवढी वाट बघायची सिस्टरला सवय नव्हती. आता उठावं, आता तरी उठावं, असं तिला दर क्षणाला वाटत होतं.

"नाही," आतून आवाज आला.

खरखरीत, न वापरलेला आवाज. सिस्टरनं तीन लिहिलं. इतका वाईट आकडा लिहिताना तिला आजवर कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. ताईनं भिंतीला पाठ टेकली आणि तिच्या डोळ्यांतून जे वाहायला लागलं ते तिनं पुसलंही नाही.

दुसरा प्रश्न, तिसरा, चौथा. उत्तरं एकेका शब्दाची होती. नाही. रोज. माहीत नाही. सगळ्याचीच. एकदा मध्येच धाकटीनं, बाळ कशानं रडत होतं मघाशी, असं विचारलं. ताई तोंड उघडणार तोवर, राहू दे, असंही तीच म्हणाली. सिस्टर लिहीत गेली. कागद काळा होत गेला.

नऊ झाले. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं. एरवी जो प्रश्न ती श्वासाबरोबर सोडून द्यायची, तो आज तिला विचारवेना. विचारला आणि उत्तर आलंच तर? दारात ताई होती, तिच्या कुशीत बाळ झोपलं होतं, आणि हो म्हटलेल्या बाईला पायरीवर बसून काय सांगायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरबाई विचारतील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. ते त्यांचंच काम.

"बरं," ती म्हणाली. "आज एवढं पुरे."

"दहा आहेत," आवाज म्हणाला. तो आता दाराच्या अगदी मागून येत होता. "मी तिन्ही वेळा ऐकलेत. शेवटचा राहिला."

ताईनं वळून पाहिलं.

"त्याला ताई लगेच नाही म्हणते," धाकटी म्हणाली. "बाकी सगळं ती मला विचारते. जेवलीस का, टाके दुखतात का. तेवढं एक कधी विचारत नाही."

ताई दारातून बाजूला झाली. सिस्टरनं कागद पायरीवर उलटा ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि दहावा प्रश्न विचारला.