वीस नंबरची बेअरिंगं

पाचोडच्या अलीकडे माझ्या वडिलांची जुनी फियाट पोटातून ठोके देऊ लागली, तेव्हा मी गाडी चालवणाऱ्या वडिलांच्या शेजारी बसल्या बसल्या घामाने भिजलो. चूक कुणाची आहे, हे माझ्या शरीराला माझ्याआधी कळले होते.

इंजिन मीच बांधले होते. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, मुकुंदवाडीच्या कडुबामामांनी लेथवर घासून दिला होता. शाफ्ट जितका झिजवावा तितके बेअरिंग जाड लागते, नाहीतर शाफ्ट आत सैल राहून ठोके देतो; आणि ते माप लेथवाला शाफ्टच्याच अंगावर पंचाने ठोकून देतो. "भाऊ, जुन्या बेअरिंगवर जाऊ नका. ग्रीस पुसून माझा नंबर बघा, मंगच दुकानात जा," असे ते बजावून सांगत होते. मी हसून मान डोलावली. बेअरिंगं आधीच घरी येऊन पडली होती. जुन्यांच्या पाठीवर वीस होते, म्हणून वीसचीच. ग्रीस मी पुसले नाही. पदवीधर माणसाने पुन्हा कशाला पाहायचे?

गाडी दोरखंडाने ओढत थेट कडुबामामांच्या दुकानासमोर आणली. तिथे जुन्या जीपवाले तिघे बसले होते. या शहरात जुन्या गाड्यांचे काम कडुबामामांकडे येते ते बहुतेक माझ्या वडिलांच्या शब्दावर.

"काय रे कडुबा," माझे वडील, काकासाहेब, सर्वांदेखत गरजले, "तीस वर्षं लेथ फिरवतोस, अन् माप येत नाय? तुम्हा लोकांना हातात नुसतं मशीन देऊन काय उपयोग!"

'तुम्हा लोकांना' या दोन शब्दांनी दुकानातली हवा घट्ट झाली. जीपवाल्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली.

कडुबामामा गाडीखाली सरकले. ऑइलचा चेंबर उतरला, एक बेअरिंग सुटले. बाहेर येऊन त्यांनी ते माझ्यासमोर उलटे धरले. पाठीवर वीस.

"शाफ्टवर तीस ठोकलाय," ते म्हणाले. "बोला भाऊ."

मी एका माणसाला उन्हात उभे ठेवले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी नंबर पाहिलाच नाही."

आणि माझे वडील हसले. मोकळेपणाने, कौतुकाने. "अरे, पुस्तकं वाचणारं पोरगं! चालायचंच. कडुबा, चहा सांग सगळ्यांना."

तीच चूक. कडुबामामांच्या अंगावर होती तोवर अख्ख्या समाजाचा दोष; माझ्याकडे येताच लडिवाळ गंमत.

"चहा सांगतो, काकासाहेब," कडुबामामा म्हणाले. "आधी तो शब्द वापस घ्या."

"कुठला शब्द?"

"तुमाला म्हाईत हाय."

"मामा, मी माफी मागतो," मी घाईने म्हणालो.

"तुमची नगं, भाऊ. त्यांची."

वडिलांनी रुमाल झटकला आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. मागे वळून पाहिले नाही.

"मंग गाडी दुसरीकडं न्या," कडुबामामा शांतपणे म्हणाले.

मी ढकलू लागलो. फियाट जागची हलेना. बरेच झगडल्यावर चाक एकदम फिरले, तेव्हा मी मागे पाहिले. डिकीला दोन्ही तळवे लावून कडुबामामा ढकलत होते. माझ्याकडे बघत नव्हते.