बापूंच्या बाजेचा झोळ

मित्रांनो, ज्या बाजेवर माणूस शेवटचा श्वास सोडतो, तिचं पुढे काय करतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? मीही केला नव्हता. करायची वेळ आली तेव्हा ती बाज मीच होते.

मी तशी जुनी आहे. केळापूरच्या पुढे हमरस्ता सोडला की एक तांडा लागतो. तिथल्या मोहाच्या झाडाखाली माझं आयुष्य गेलं. माझे दोन लांब दांडे एका मोडलेल्या बैलगाडीचे आहेत, त्यामुळे ओझ्याचं मला नवल नाही. मला विणलं डोंगरसिंग बापूंनी, स्वतः वळलेल्या अंबाडीच्या दोरीने. बापूंना लोक गुरू मानत. ते मानून घेत नसत, पण नाहीही म्हणत नसत.

बापूंनी कोणाला मंत्र दिला नाही, अंगारा दिला नाही. कोणी प्रश्न घेऊन आलं की ते माझ्यावरून उठत, बाजूला उकिडवे बसत आणि म्हणत, "आधी बाज ताण. मंग इचार."

बाज ताणणं सोपं नाही. पायथ्याची दोरी एकेक फेरा सैल करायची, दांड्याला पाय लावायचा आणि ओढत ओढत दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. अर्धा तास सहज जातो. तेवढ्या वेळात मला माणूस कळत असे. भांडून आलेला पहिले चार फेरे जोरात ओढतो आणि पाचव्याला थकतो. खोटं बोलायला आलेला गाठ फार सफाईने मारतो. नेरहून एक मास्तर येत, ते प्रत्येक फेऱ्याचं अंतर बोटांनी मोजत आणि शेवटी प्रश्नच विसरत. विसरणारे किती, रडणारे किती, उत्तर न ऐकताच गेलेले किती, सगळा हिशोब माझ्याकडे आहे. विसरणारेच जास्त.

ताणण्याच्या हिशोबात एका नावापुढे मात्र शून्य होतं. बबनराव. शेजारच्या गावचे मोठे शेतकरी, वीस वर्षं दर गुरुवारी हजर. त्यांची पाळी आली की म्हणत, "बापू, माही कंबर धरली हाय," आणि सोबतच्या माणसाला पुढे करत. मग प्रश्न स्वतः विचारत. बापू हसत आणि उत्तर त्या सोबतच्या माणसाकडे पाहून देत.

बापू सगळ्यांना ताणायला का लावत, हे मला कधी कळलं नाही. भक्त म्हणत, त्यात फार खोल अर्थ आहे. मला आपलं वाटे, त्यांना सैल बाजेवर झोप येत नसावी.

सगळ्यांत चांगली ताणायची तांड्यातली लालीबाई. तिचा हात लागला की आठ दिवस मी नगाऱ्यासारखी टणक राहायची. गेल्या वर्षी कापसाच्या वेचणीच्या दिवसांत ती घाईघाईने आली. कमरेला वेचलेला कापूस टाकायचा फडक्याचा ओटा बांधलेला.

"बापू, एक गोष्ट इचाराची व्हती."

"आधी बाज ताण, बेटा. लय सैल झाली. पाठ खाली लागते."

"आज नाही बापू. वावरात बाया थांबल्या हायेत. उद्या ताणून देतो."

"उद्या तं उद्या," बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बापू गेले. चहाची कपबशी खाली ठेवली, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. माणसाला शेवटी जमिनीवर घेतात, तेवढाही वेळ त्यांनी कोणाला दिला नाही. लालीबाई धावत आली तेव्हा बापू माझ्या झोळात पार खाली गेलेले होते. ती रडली नाही. तिने माझ्याखाली हात घातला, आणि बापूंना उचलून नेईपर्यंत तशीच तळव्यावर दोरी पेलून बसली.

बापूंना समाधी दिली आणि माझ्यावरून वाद पेटला. बापूंचा पुतण्या उत्तमसिंग याने रीतीप्रमाणे मला उपडी केली. चारही पाय वर. तो म्हणाला, "मेल्या मान्साची बाज घरात ठेवत नाहीत. नाल्यात सोडून येतो."

बबनराव आडवे आले. "संताले कायचं सुतक? बापूची बाज हाय ते. तिले हात नको लावू."

"मंग तुमच्या घरी नेता का? झोपसान तिच्यावर?"

यावर बबनरावांनी विषय समाधीवरच्या छपराकडे वळवला. तीन दिवस मी आकाशाकडे पाय करून ऐकत होते. शेवटी बबनराव जिंकले. समाधीवर पत्र्याचं छप्पर झालं, त्याखाली मला सरळ करून ठेवलं, भोवती लोखंडी कठडा आणि पाटी: हात लावू नये.

मित्रांनो, तीस वर्षांत मिळाला नाही इतका मान मला महिन्याभरात मिळाला. हार, अगरबत्ती, नमस्कार. पण ताणायला कोणी नाही. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. झोळ आणखी खाली गेला. मला वाटलं, आता तरी कोणाच्या लक्षात येईल. आलं, ते बबनरावांच्या. ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले, "पाहा, हा बापूच्या पाठीचा आकार हाय. जसाच्या तसा उमटला." लोक कठड्यावरून वाकून माझ्या झोळाचे फोटो काढू लागले.

लालीबाई रोज येई. फोटो काढत नसे. कठड्याबाहेर उभी राही आणि तिची बोटं पदराची दोरी करून ओढत राहत. एकदा तिने बबनरावांना विचारलं, "भाऊ, मले एकडाव ताणू द्या."

"येडी झाली का लालीबाई? आकार जाईन ना."

ती वावराकडे निघून गेली. तिचा त्या दिवशीचा प्रश्न काय होता, याचं कुतूहल मला वर्षभर छळत राहिलं. घरचं काही? दुखणं? लेकीचं लग्न? माझ्याकडे इतक्या लोकांचे प्रश्न जमा, आणि नेमका तिचाच नाही.

बापूंच्या वर्षश्राद्धाला चारशे पानं उठली. वरण-बट्टी जेवून लोक समाधीपुढे बसले. बबनराव झोळाचं महत्त्व सांगायला उभे राहिले. तेव्हा लालीबाई उठली, कठडा ओलांडून आत आली.

"हा आकार बापूच्या पाठीचा नाही," ती म्हणाली. "माह्या उद्याचा हाय. बापूनं मले ताण म्हनलं व्हतं. मी उद्या म्हनलं. बापू झोळातच गेले. अन् तुमी वर्षभर त्याच्या पाया पडून राह्यले."

तिने हार काढून ठेवले, दांड्याला पाय लावला आणि पहिला फेरा ओढला. वर्षभर सुकलेली माझी दोरी कुरकुरली. मी घसरू लागले, तसा उत्तमसिंग पुढे आला आणि मला नाल्यात सोडायला निघालेला तोच माणूस दुसऱ्या टोकाला गुडघा रोवून बसला. अर्ध्यावर आल्यावर लालीबाईने समाधीकडे न बघता विचारलं, "बापू, तुमी थकले व्हते. म्हनून इचारत व्हतो. तुमी गेल्यावर आमी इचारावं कोनाले?"

हाच तो प्रश्न. ती पुढचा फेरा ओढत राहिली.

बबनराव तिच्याजवळ आले, चेहरा लाल. "काहून केलं तू हे? मले एवढंच सांग."

"सांगतो भाऊ. आधी हा कोपरा ताणा."

"माही कंबर..."

"बापूले मालूम व्हतं तुमच्या कंबरेचं," उत्तमसिंग खालूनच म्हणाला. बसलेल्यांत खसखस पिकली.

बबनरावांनी इकडे तिकडे पाहिलं. सोबत आणलेला माणूस नेमका हात धुवायला गेला होता. त्यांनी टोपी कठड्यावर ठेवली आणि दोरी धरली. वाईट ओढत होते, गाठ तर दोनदा सुटली. पण सोडली नाही. शेवटी तळहात पाहत खाली बसले.

"आता इचारा, भाऊ," लालीबाई म्हणाली.

"कंबर तं दुखतच नाही बाप्पा," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुढे काही विचारलं नाही. मी त्यांच्या शून्याच्या जागी एक मांडला.

आता कठडा नाही. मी पुन्हा मोहाखाली आहे. माझ्यावर पोरं बसतात, म्हातारी माणसं झोपतात, कोणाला सुतक लागलेलं ऐकिवात नाही. बबनरावांनी गाठ मारलेला कोपरा सगळ्यांत आधी सैल होतो, तेव्हा ते गुरुवारी कुरकुरत पुन्हा ताणतात. लालीबाई अजून तोच प्रश्न विचारते. ताणते, विचारते, थोडा वेळ बसते आणि उठून वावरात जाते. तिला काही ऐकू येतं का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे. तिच्या चालण्यावरून येत असावं.

मित्रांनो, तुमच्या घरी बाज असेल तर आज तिचा पायथा पाहा. सैल असेल तर आजच ताणा, कोणी तिच्यावर झोपणारं आहे तोवर. आणि ताणता ताणता बापू हे का करायला लावत, ते तुम्हाला कळलं, तर एकदा येऊन मला सांगा. तीस वर्षं मी त्यांच्या पाठीखाली होते, मला अजून उमगलेलं नाही.