डोक्यापाशी

"एकोणीस! वर्षभर का झोपा काढून राह्यली होती, उर्वशी?" रश्मी मॅडमनी केस बुक टेबलावर आपटलं. "वीस बाळंतपणं आपल्या हातानं केल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म जात नाई, हे तुले आज समजून राह्यलं का? उद्या शेवटची तारीख आहे!"

उर्वशी पुंगाटी मान खाली घालून उभी राहिली. एटापल्लीच्याही पलीकडच्या पाड्यावरून नर्सिंगला आलेली ती पहिलीच पोर. परीक्षा हुकली तर सहा महिने वाया, आणि बापानं तर साफ सांगून ठेवलं होतं, की मग शिक्षण पुरे, सूरजागडच्या खाणीकडे काम पाहायचं.

"मॅडम, मी डोक्यापाशी राहत होती ना," ती हळूच म्हणाली.

रश्मी मॅडमना एकदम आठवलं. खरंच की! आतल्या गावाची बाई लेबर रूममध्ये आली, घाबरून अंग चोरायला लागली, की वर्षभर त्यांनीच ओरडून सांगितलं होतं, "उर्वशीले बोलवा!" मग उर्वशी डोक्याशी उभी राहायची, बाईचा हात धरून गोंडीत बोलत राहायची. बाई शांत व्हायची, आणि ग्लोव्हज घालून खाली उभी असलेली दुसरीच कोणी मुलगी बाळ झेलायची. त्या मुलीच्या वहीत एक आकडा वाढायचा. 'पेशंटशी आधी बोला' हा धडा मॅडम दरवर्षी घसा फोडून शिकवत आल्या होत्या. तो धडा जिनं मनावर घेतला, तिचीच वही रिकामी राहिली होती!

बाजूला बसलेली, तिच्याच वर्गातली दिव्यानी म्हणाली, "मॅडम, माह्या तर सव्वीस डिलिव्हऱ्या झाल्या. एक तिच्या नावानं लिवून टाका ना. कोणाले समजते?"

असं सर्रास चालतं, हे मॅडमना ठाऊक नव्हतं थोडंच! त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

"नाई, मॅडम," उर्वशी म्हणाली. "ते हात माहे नोयत."

मॅडम ओशाळल्या. टोपण परत लावून त्यांनी पेन खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲम्ब्युलन्समधून चिन्नी आली. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, मराठीचा गंध नाही. फॉर्म पाठवायला अजून तीन तास होते. मॅडमनी उर्वशीच्या हातात ग्लोव्हज दिले. "आज तू खाली. डोक्यापाशी मी राहीन. तिथूनच बोल तिच्याशी."

उर्वशी खालून बोलत होती, पण तोंडावर मास्क, मध्ये चादर. चिन्नीला तिचा चेहरा दिसेना. ती पाय आवळून घ्यायची, टेबलावरून उतरू पाहायची. रश्मी मॅडम तिचा हात धरून "असं नको बाई, असं नको" म्हणत राहिल्या. ती त्यांच्याकडे अशी बघत होती, की हात आपण धरलाय की बांधलाय, हेच मॅडमना कळेना. "येर," चिन्नी म्हणाली. पाणी. अकरा वर्षं या जिल्ह्यात काढून मॅडमना गोंडीतला तेवढा एकच शब्द येत होता. त्यांनी पाणी पाजलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बाळाचे ठोके उतरायला लागले. एकशेदहा. मग नव्वद.

उर्वशीनं एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा चिन्नीकडे. मग तिनं ग्लोव्हज ओढून काढले, मास्क हनुवटीखाली घेतला आणि तरातरा वर आली.

"तुमी खाली जा, मॅडम. मी आहो इथी."

वाद घालायला वेळच नव्हता. मॅडम खाली धावल्या. वर उर्वशीनं चिन्नीचं डोकं छातीशी घेतलं आणि अगदी हळू आवाजात तिच्याशी बोलायला लागली. काय बोलली ते तिचं तिलाच माहीत. चिन्नीचे गुडघे सैल पडले. पाचव्या कळेला मुलगी झाली. निळसर, मुकाट. मॅडमनी तिला कोरड्या फडक्यात घेतलं. त्यांनी तिची पाठ पुसली, पुन्हा पुसली, आणि एकदाची ती कार्टी अशी रडली, की चिन्नीलाही रडू फुटलं.

सगळं आवरल्यावर मॅडमनी स्वतःच केस बुक उघडलं. "लिही उर्वशी. वीस. हे खोटं नाई होत. हे बाळंतपण तूच केलंस, मी नुसते हात लावले. चूक माही आहे पोरी, वर्षभराची. मले सही करू दे."

उर्वशीचे डोळे भरून आले होते. तिनं वही घेतली, 'स्वतः केलेली बाळंतपणं' हे पान उलटलं आणि मागचं 'पाहिलेली बाळंतपणं' हे पान काढलं. ते गच्च भरलेलं होतं. तळाशी जेमतेम एक ओळ उरली होती. तिथं तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं : चिन्नी, वय एकोणीस, मुलगी, आई-बाळ सुखरूप.

"इथी करा, मॅडम."

रश्मी मॅडमनी सही केली.