भाजणाऱ्यासाठी टाळ्या

ओफेलियाच्या खाणावळीत पोट भरतं आणि खिसाही शाबूत राहतो. गुरांच्या बाजाराचे दलाल, ट्रकवाले, रविवारी चर्चमधून सुटलेली कुटुंबं, सगळे तिथेच येतात. स्टेक ताटाच्या कडेवरून खाली लोंबतो. राजधानीतल्या काचेच्या हॉटेलात तेवढ्या पैशात नुसतं हाडूक मिळेल.

आमच्याकडे रीत आहे. मांस ताटात पडलं, पहिला घास घशाखाली उतरला, की कुणीतरी ओरडतं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" मग सगळे वाजवतात. दुसरी रीत याहून जुनी आहे. एकाच्या निखाऱ्यांना दुसऱ्यानं हात लावायचा नाही. न विचारता कुणाच्या घोड्यावर बसलात तर एक वेळ चालेल, पण हे नाही.

तोरिबिओ ओफेलियाच्या नवऱ्याच्या काळापासून खाणावळीच्या भट्टीवर मांस भाजत होता. बायको नाही, मूल नाही, भट्टीमागच्या खोलीत झोपायचा. जाळीवर उजवा तळहात धरायचा आणि चटका कसा बसतो त्यावरून आच ओळखायचा. पण जन्मभर आच खाऊन तो तळहातच मेला. आता कितीही वेळ धरला तरी काही कळेना. हे ठाऊक होतं एकट्या नेमेसिओला. दोघांनी तरुणपणी एकत्र गुरं हाकली होती, आणि नेमेसिओ दर रविवारी भट्टीजवळच्या टेबलावर बसून खायचा.

मग एका ट्रकवाल्यानं बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची अशी बरगडी परत पाठवली. तेव्हापासून ओफेलियाचा जावई दामियान खाणावळीत जास्त दिसू लागला.

त्या रविवारी सकाळी ओफेलिया भट्टीपाशी आली.

"तोरिबिओकाका, स्पष्टच बोलते. आज टाळ्या पडल्या तर भट्टी तुमची. नाही पडल्या तर दामियानची."

"आणि खोली?"

"खोली भट्टीबरोबर."

तोरिबिओनं मान डोलावली. दुपारी नेमेसिओ आल्याबरोबर त्यानं त्याला गाठलं.

"आज तू ओरड. पहिल्या घासाला."

"माझ्या ताटात काय पडतं त्यावर आहे," नेमेसिओ हसला. "चरबीची कडा ठेव, मग घसा आपोआप मोकळा होईल."

"थट्टा नको रे."

"बरं बाबा, ओरडतो. पण त्या मेलेल्या हातानं भाजणार कसा?"

तोरिबिओ जाळीवर वाकला आणि गाल आचेजवळ नेला. गालाला पोळलं तसं त्यानं खोऱ्यानं निखारे थोडे मागे ओढले. पुन्हा वाकला. एक गाल सोसेना तेव्हा दुसरा. मांस उलटायचं, गाल धरायचा, निखारे सरकवायचे. भुवया जळल्याचा वास चरबीच्या वासात मिसळून गेला.

"म्हातारा आज काय लालबुंद दिसतोय बघा!" एक दलाल म्हणाला. "काका, लग्नबिग्न ठरलं की काय?"

लोक हसले. तोरिबिओही हसला, कारण हसणाऱ्या माणसांचे हात टाळीसाठी लवकर वर येतात.

मांस वाढलं गेलं. असं मांस त्या खाणावळीत कित्येक वर्षांत कुणी खाल्लं नव्हतं. वरून खरपूस, आत गुलाबी, सुरी नुसती टेकवली की उतरत होती. नेमेसिओनं पहिला घास गिळला, खुर्ची मागे ढकलली आणि गुरं हाकायच्या आवाजात ओरडला, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!"

सगळी खाणावळ वाजली. ट्रकवाले टेबलं बडवू लागले. तोरिबिओनं टोपी काढून छातीशी धरली. त्याचे गाल भाजून सुजले होते आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.

तेवढ्यात ओफेलिया पुढे आली आणि तिनं हात वर केले.

"मंडळी, अजून जोरात! आज काकांचा शेवटचा दिवस. आता त्यांना विश्रांती!"

लोक उभे राहिले. टाळ्या दुप्पट झाल्या. एक बाई डोळे पुसत होती. तोरिबिओ काहीतरी बोलला, दोनदा बोलला, पण त्या गजरात त्याचं त्यालाच ऐकू गेलं नसेल.

आवाज ओसरल्यावर तो ओफेलियाला म्हणाला, "तू म्हणाली होतीस, टाळ्या पडल्या तर..."

"तसं बोलले नसते तर आज इतकं छान भाजलं असतंत का?" ती मायेनं म्हणाली. "मुक्या मुक्यानं जाण्यापेक्षा हे बरं. आणि दर रविवारी तुमचं ताट फुकट. खोली तेवढी मंगळवारपर्यंत रिकामी करा. गॅसचे सिलिंडर यायचेत."

तोरिबिओनं नेमेसिओकडे पाहिलं. नेमेसिओ खाली बघून हाडाजवळचं मांस सोडवत होता.

"निवलं की चव जाते रे," तो पुटपुटला. "बस, तूही खा."

ओफेलियानं खांदे धरून त्याला नेमेसिओसमोर बसवलं. दामियान भट्टीपाशी गेला, खोरं उचललं आणि निखारे विस्कटले. त्यानं पुढचा तुकडा टाकला, घाईनं उलटला आणि पहिलं ताट तोरिबिओपुढे आणून ठेवलं. वरून काळं, मध्ये रक्त.

"खा काका. सांगा कसं झालंय."

सगळे बघत होते. तोरिबिओनं तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. घास उतरला.

"आता नव्या भाजणाऱ्यासाठी!" ओफेलिया ओरडली. "सुरुवात काकांनी करायची!"

तोरिबिओनं हात वर घेतले आणि वाजवू लागला. मागोमाग सगळे वाजवू लागले, मग थांबले, मग खाली बसून खाऊ लागले. तो मात्र वाजवतच राहिला. उजव्या हाताला काही लागत नव्हतं, त्यामुळे किती जोरानं वाजवतोय ते त्याला कळत नव्हतं.

"मन मोठं आहे हो म्हाताऱ्याचं," ट्रकवाला म्हणाला आणि त्यानं मीठ मागितलं.