ओटमारची जीभ

एर्लेनडॉर्फ गावची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, आधी मठाची होती. सरकारनं मठ ताब्यात घेतले, तेव्हा लिलावात ती पिर्कनर नावाच्या पिंप बनवणाऱ्यानं उचलली. पाच पिढ्या ती त्याच घरात राहिली. नवरा गेल्यावर वालबुर्गा पिर्कनरनं ती न्यूर्नबर्गच्या एका कंपनीला विकली. पुढे त्या कंपनीलाच कुणीतरी परदेशी मालक मिळाला. पाटीवरचं नाव मात्र कुणीच बदललं नाही. बिअर खपत होती ती त्या नावावर.

ओटमार ग्योस सोळाव्या वर्षी तिथं लागला, तो आता सत्तावन्नचा. माल्टचं धान्य भिजवण्यापासून तळघरातल्या टाक्यांपर्यंत सगळं त्याच्या हाताखाली.

नव्या मालकांनी ठरवलं, ही बिअर शहरातल्या मोठ्या कारखान्यात करायची. गावात ओरड झाली. तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "इथली बिअर कुठली आणि शहरातली कुठली, हे ओटमारनं चवीवरून ओळखलं, तर इथलं काम चालू ठेवू. बोला, आहे कबूल?"

गाव खूश झालं. ओटमारची जीभ फसणं शक्यच नव्हतं.

आकडे घातलेले सहा पेले मांडले. तीन इथले, तीन तिथले. ओटमारनं वास घेतला, घोट घेतला, पुन्हा पहिल्या पेल्याकडे आला. अर्ध्या तासानं पेला खाली ठेवून तो म्हणाला, "मला नाही सांगता येत."

"अंदाजानं सांगा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अंदाजानं सांगायला मी कशाला हवा?"

फरक ओळखता आला नाही, असं लिहिलेला कागद बाईंनी पुढं केला, त्यावर त्यानं सही केली.

संध्याकाळी वालबुर्गानं त्याला घरी बोलावलं. "तोंडाला येतील ते तीन आकडे सांगायचे होतेस रे गाढवा! कदाचित बरोबर आले असते."

"आले असते, बाईसाहेब."

"मग?"

"वर्षभर शहरातल्या कारखान्यातल्या पोरांना मीच शिकवायला जात होतो. पाणी कसं घ्यायचं, यीस्ट कधी घालायचं, सगळं. मन लावून शिकवलं. आज पहिला घोट घेतला आणि कळलं, पोरं शिकली. खरं सांगू? बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली."

वालबुर्गा म्हणाली, "ब्रुअरी विकली तेव्हा पहिली सही माझीच होती. तुला काय बोलणार!"

मार्चमध्ये ब्रुअरी बंद झाली; भिंत फोडून बिअर उकळायची तांब्याची मोठी कढई बाहेर काढली. ओटमार बघायला गेला नाही. शहरातल्या कारखान्यानं नोकरी देऊ केली, ती त्यानं घेतली. रोज सकाळी सव्वासहाची बस पकडायचा. गावातले काहीजण वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. बिअर मात्र तीच पीत राहिले.