बोरदऱ्याच्या लेकी

चांगुणाला बोलावणं आलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ती स्वतः मेली तरी सांगायची नाही. घोडेगावच्या बाजारात शेरडं विकायला आलेल्या एका माणसानं बोलता बोलता सांगितलं, की नव्या बोरदऱ्यात भैरवनाथाचं देऊळ उभं राहिलंय, अक्षय्यतृतीयेला कळस चढणार आहे, आणि गावानं झाडून साऱ्या माहेरवाशिणींना बोलावलंय. एकेकीचं नाव पुकारून खण-नारळ देणार आहेत म्हणे. झालं! चांगुणानं त्याच दिवशी पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं.

"बोलावणं कुठाय?" नवऱ्यानं, गहिनीनाथानं विचारलं.

"पोष्टात पडलं आसंल."

"आन् न्हाईच आलं तर?"

"माझ्या माहेरी जायला मला चिठ्ठी लागती व्हय?"

गहिनीनाथानं तंबाखू मळली आणि यष्टीच्या भाड्याचे पैसे मोजायला घेतले. शहाणा माणूस.

खरं तर माहेर उरलंच कुठं होतं? जुनं बोरदरं धरणाच्या पाण्यात जाऊन पाच वर्षं झाली. बाप आप्पासाहेब त्याच्याही आधी गेला. भाऊ छगन बदलीची जमीन घेऊन लांब शेवगावकडं निघून गेला, तो आपल्याच व्यापात. तीन बुडालेल्या गावांची माणसं एका माळावर आणून बसवली आणि त्याला नाव दिलं नवं बोरदरं. तिथं चांगुणाचं एक कौलसुद्धा नव्हतं. सून पंचमीला माहेरी निघाली, की चांगुणा तिच्या पिशवीत लाडू भरून द्यायची आणि मग उगाच दिवसभर भांडी आपटत बसायची. माहेर बुडालेल्या बाईनं सासरी भांडायचं तरी कुणाच्या जिवावर? एकदा, निदान एकदा, चार माणसांत गावानं म्हणावं, ही आमची लेक. एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती भर वैशाखात नवरा आणि सून गोजर यांना घेऊन दोन एस.ट्या बदलून, वर कोसभर पायपीट करून आली.

देऊळ मात्र झकास झालं होतं. काळ्या दगडाचा चौथरा, वर पांढरं शिखर, अजून चुन्याचा वास येत होता. चांगुणानं आत जाऊन भैरवनाथाचे पाय धरले. देव जुनाच होता, पाण्यातून वेळेवर उचलून आणलेला. 'तू तरी वळखतोस ना रं?' ती मनात म्हणाली, आणि बाहेर येऊन मांडवातल्या टेबलाकडं निघाली.

टेबलामागं श्रीमंत नावाचा पंचविशीतला गडी यादी घेऊन बसला होता. समोर कर्णा लावलेला. नाव पुकारलं, की एक बाई लाजत पुढं व्हायची आणि पदरात खण-नारळ घ्यायची.

"चांगुणा आप्पासाहेब," तिनं रुबाबात सांगितलं.

श्रीमंतानं यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. "कोणचे आप्पासाहेब, मावशी?"

"वढ्याकडचे."

"आमी पलीकडच्या गावचे, मला जुना वढा ठावं न्हाई. यादी घरांच्या नंबरावरनं केलीय. राग मानू नका, पर तुमचं घरच न्हाई हितं."

काय वाईट बोलला होता बिचारा? पण सून शेजारी उभी होती. गेली तीन वर्षं जिला 'आमच्या बोरदऱ्यात आसं, आमच्या बोरदऱ्यात तसं' ऐकवून कान किटवले, ती सून. चांगुणा वळली. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "यष्टी चुकंल."

"आत्याबाई," गोजर हळूच म्हणाली, "तितं बांगड्या भरत्यात समद्यांना. भरून जाऊ की." सासूच्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं होतं, जरा वेळ जावा, एवढाच तिचा हेतू.

कडुनिंबाच्या सावलीत गोणपाटावर एक म्हातारी मन्यारीण बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, नजर समोर कुठंतरी, पण बोटं मात्र चपळ. चांगुणानं न बोलता हात पुढं केला. म्हातारीनं पंजा दाबला, अंगठा आत मुडपला, बोटं मनगटापर्यंत नेली आणि थबकली. पुन्हा दाबून पाहिलं.

"ह्ये हाड चिंचंवरनं पडून वाकडं झालंय," ती म्हणाली. "हाडवैद्यानं वाकडंच बसवलं. लग्नात साबण लावून चुडा चढवला हुता म्या. तू आप्पासाहेबाची चांगुणा न्हवं का गं?"

चांगुणाला हुंदका आवरेना. "बिबीआक्का!"

बिबीजाननं तिचा हात धरूनच ठेवला. तोंड टेबलाकडं वळवून अशी काही ओरडली, की कर्ण्यालाही लाज वाटावी. "ए बाबा! ही आप्पासाहेबाची लेक हाय! डोळं गेलं माजं, हात न्हाई गेलं!"

दोन-चार जुनी माणसं उठून आली. आप्पासाहेब म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. अरे, त्यांच्या घरी तर भैरवनाथाची पालखी टेकायची! श्रीमंतानं बिगीबिगी नाव लिहिलं. चांगुणाचा जीव भांड्यात पडला. गोजरनं हसून आपला हात बांगड्यांना पुढं केला.

"आक्का, तुजं नाव झालं का पुकारून?" चांगुणानं डोळे पुसत विचारलं.

"माजं कशाला? गाव बुडाल्यावर राहुरीला गेले, आज बांगड्या भराया आले."

"आगं, पर तूबी बोरदऱ्याचीच ना! जैनुद्दीन मन्याराची लेक. मेहताबभाई घरजावई आले हुते तुज्याकडं."

"व्हय की," बिबीजान म्हणाली, जणू कुणा दुसरीचीच गोष्ट. "पर आमाला कोन ईचारतंय?"

चांगुणा उठली आणि तरातरा टेबलापाशी गेली. "आजून एक नाव ऱ्हायलंय. लिही, बिबीजान जैनुद्दीन."

श्रीमंतानं पेन्सिल कानामागं लावली, पुन्हा काढली. "मावशी, देवळाची ओटी हाय. मंडळी काय म्हनतील..."

"ह्या मांडवातल्या कुठल्या जुन्या लेकीचा हात तिनं धरला न्हाई ते सांग. तू न्हाई लिहिणार? मग माजंबी खोड!"

ती बोलून गेली. आत्ता कुठं हाताशी आलेलं माहेर, नि तिनंच पेन्सिलीखाली ठेवलं. पण शब्द मागं घ्यायची ती बाई नव्हे.

"लिही बाबा," मागून गहिनीनाथ म्हणाला. "तीस वर्सं मी हिच्याशी वाद घालून बघितलाय. काय फायदा न्हाई."

पालखीची आठवण काढणारा तो म्हातारा हसला आणि त्यानं मान हलवली. श्रीमंतानं लिहिलं.

आधी चांगुणाचं नाव पुकारलं. बापाच्या नावासकट. ज्या क्षणासाठी एवढ्या लांब आली, तो क्षण असा भर्रकन गेला, आणि नारळ पदरात घेऊन ती तिथंच थांबली. मग कर्णा खरखरला. "बिबीजान... जैनुद्दीन मन्यार यांची कन्या..."

मांडवातल्या माना कडुनिंबाकडं वळल्या. झाडाखाली बिबीजाननं गोजरचा हात सोडला नाही. अर्ध्यावरची बांगडी आधी मनगटात बसवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. गोजरनं तिला धरून आणलं. टेबलापाशी ती उभी राहिली, समोर खण आला, नारळ आला, आणि जिनं हजार लेकींच्या हातांत चुडा चढवला, तिचे दोन्ही हात हवेतच राहिले.

"चांगुणा," ती हळू आवाजात म्हणाली, "कसं घेत्यात गं? मला कवा कुनी दिलंच न्हाई."

"पदर फुडं कर, आक्का," चांगुणा म्हणाली, आणि तिच्या पदराचं एक टोक आपल्या हातात धरून उभी राहिली.